बोट काळी पाचवर

माझ्या दुकानाची पायरी चढणाऱ्या माणसाच्या एका काखेत कीबोर्ड असतो आणि दुसऱ्या काखेत संशय. कीबोर्ड मी दुरुस्त करून देते. संशय मात्र बहुतेक जण जसा आणला तसाच परत घेऊन जातात. ‘माझ्या मशीनला कुणीतरी काहीतरी केलं’ हे वाक्य मी मराठीत, हिंदीत आणि छत्तीसगढीत इतक्यांदा ऐकलंय, की समोरच्यानं तोंड उघडायच्या आत मी ते मनात म्हणून टाकते.

पहिला संशय अर्थात माझ्यावर असतो. रायपूरच्या तात्यापाऱ्यातलं माझं दुकान म्हणजे दोन दुकानांच्या मधली फट. गिऱ्हाईक आत डोकावतं, माझ्या मागे बघतं, माझ्या बाजूला बघतं.

“दीदी, मिस्त्री कहाँ हैं?”

“सामने बैठी है.”

“नहीं, मतलब, जो बनाते हैं...”

मग मी पेचकस उचलते आणि त्याच्या डोळ्यांदेखत मशीनचं पोट उघडते. तरीही तो जाताना एकदा विचारतोच, “आपने ही बनाया ना?” माझे वडील भंडाऱ्याकडून रेल्वेच्या नोकरीत रायपूरला आले. मी कॉलेजपासून ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवला, लग्नानंतरही वाजवला. प्रोग्रामच्या ऐन वेळी मशीन बंद पडलं की दुरुस्त करणारा कुणी मिळायचा नाही, म्हणून उघडून बघायला लागले, आणि मग बघतच राहिले. माझा मुलगा म्हणतो, “मम्मी, आप प्लेयर से पेचकस बन गई.” मी त्याच्याशी मराठीत बोलते, तो मला हिंदीत उत्तर देतो, आणि दोघांनाही आपण जिंकलो असं वाटतं.

आणि हो, संशयी मीही कमी नाही. दूधवाल्यानं मापापेक्षा जास्त दूध घातलं तरी मी पातेलं उजेडात धरून बघते. या धंद्यात तो स्वभाव कामी येतो.

आता धंदा थोडक्यात सांगते. मोठ्या कीबोर्डांमध्ये सिक्वेन्सर म्हणून एक सोय असते. तुम्ही एकदा ढोलक वाजवा, मग बेस, मग आणखी काही. मशीन ते लक्षात ठेवतं आणि बटण दाबलं की सगळं एकत्र वाजवून दाखवतं. एक माणूस बसतो आणि अख्खी पार्टी वाजते. आता या मशीनमधल्या सेटिंग दोन प्रकारच्या. एक त्या-त्या गाण्याची, त्या-त्या आवाजाची. तिथं काही बिघडलं तर तेवढंच गाणं बिघडतं. दुसरी ग्लोबल, म्हणजे साऱ्या मशीनची. भाजीत मीठ जास्त पडणं वेगळं आणि टाकीतलं पाणीच खारं असणं वेगळं. टाकी खारी असेल तर वरण, भात, चहा, सगळंच खारट, आणि घरातली बाई मात्र मिठाचा डबा लपवत बसते. माझ्याकडे येणारी निम्मी मशीनं बिघडलेली नसतातच. त्यांच्या टाकीत कुणीतरी कधीतरी हात घातलेला असतो, नि मग विसरलेला असतो.

अभनपुरहून एक बँडपार्टीवाला आला होता. देहानं दांडगा, पण आवाज अगदी रडवेला. “दीदी, काली तक बने बाजत रिहिस. आज बटन दबाथंव त कुछु नइ होवय.” कालपर्यंत छान वाजत होतं, आज बटण दाबलं तर काहीच होत नाही. त्याचा जुना वादक, ज्याला तो मास्टर म्हणायचा, भांडून दुसऱ्या पार्टीत गेला होता. “ओ मास्टर ह जात-जात मशीन ल बाँध दिस.” मशीनला बांधून टाकलं म्हणजे करणी केली. मी बघितलं तर ग्लोबलमध्ये तालाचं घड्याळ बाहेरचं केलेलं. म्हणजे मशीन आपल्या मनानं वाजणार नाही, शेजारच्या दुसऱ्या मशीननं ताल दिला तरच वाजेल. कुठल्याशा लग्नात त्यांनीच ड्रमचं मशीन जोडलं होतं आणि नंतर ते काढून नेलं. हे बिचारं वाट बघत बसलं होतं. मी घड्याळ परत आतलं केलं आणि त्याला सगळं नीट समजावून सांगितलं. त्यानं मान डोलावली, “हव, हव” म्हणाला, आणि पुढच्या आठवड्यात मशीनपुढे फोडायला नारळ घेऊन आला.

समता कॉलोनीतल्या एका घरी मशीनमधली साठवलेली गाणी वाजायची, पण बोटानं पट्टी दाबली तर आवाज नाही. घरच्या बाईंचा संशय कामवालीवर. ओल्या फडक्यानं पुसलं म्हणून. ती बिचारी दाराशी पदराचं टोक पिळत उभी. ग्लोबलमध्ये एक सेटिंग असते, ती बंद केली की मशीनच्या पट्ट्यांचा स्वतःच्याच आवाजाशी संबंध तुटतो. मोबाइलवर बघून त्यांच्याच मुलीनं ती बंद केली होती. मी मुद्दाम त्या कामवालीसमोर मोठ्यानं सांगितलं, यात हिचा काही दोष नाही. बाई म्हणाल्या, “ठीक है, पर आगे से ध्यान से पोंछा करो.” तेव्हापासून माझ्या ध्यानात राहिलं, की मशीन शून्यावर आणता येतं, माणसाच्या मनातला संशय शून्यावर येत नाही.

पण मला जी गोष्ट सांगायची आहे ती विमलताईंची. नावं सगळी बदलली आहेत. कुणी ओळखलंच, तर कृपा करून ओळख दाखवू नये.

विमलताई भीमगीतं गातात. रायपुरातल्या आमच्या विदर्भाकडच्या वस्त्यांमध्ये त्यांचं गाणं ठरलं की बाया दुपारीच सतरंज्या टाकून जागा धरतात. त्यांचे यजमान मधुकरभाऊ स्टील प्लांटमधून रिटायर झालेले, ते कीबोर्ड वाजवतात. नामदेव बेंजो वाजवतो, त्याची बायको सुनंदा कोरसमध्ये गाते. पार्टी एवढीच, वर एक ढोलकवाला. आणि विमलताईंची ओळख म्हणजे काळी पाच. गाणारा ज्या सुराला सा धरतो ती त्याची पट्टी. पेटीच्या काळ्या बटनांतलं पाचवं बटन, ती त्यांची पट्टी. बाईमाणसाला ती चढीच, पण विमलताई तिच्यावर सहज उभ्या राहायच्या. निवेदकही “आपल्या काळी पाचच्या विमलताई” असंच पुकारायचा. कधीकाळी एका वयस्कर गायकानं कार्यक्रमात पट्टी खाली घेतली, तेव्हा विमलताई माइकवर बोलून गेल्या होत्या, “पट्टी उतरली की माणसानं स्टेजवरून बी उतरून जावं.” लोक हसले होते. तो गायक पुन्हा गायला नाही.

भीमजयंती जवळ आली होती. दोघं नवरा-बायको ई-रिक्षातून आले, चादरीत गुंडाळलेलं मशीन मधे धरून. विमलताई पायरीवरूनच म्हणाल्या, “जय भीम, प्रज्ञा. ह्या मशीनले कोणी हात लावला ते पाहून सांग मले.”

“काय झालं ताई?”

“तालीम करून राहिलो होतो घरी. वरच्या जागी गेली आन गळा फाटला. दुसऱ्या दिवशी बी तसंच. गाणं तेच, मशीन तेच, यांचं बोट बी काळी पाचवरच. मंग काहून होते असं?” त्या खाली बसल्या आणि आवाज बारीक केला. “मशीन ठीक असन, तर माह्या गळ्याले कोणी काही केलं. सुनंदाच्या थर्मासातला चहा पेली होती मी.”

गाणाऱ्याला शेंदूर खाऊ घातला की गळा बसतो, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे आणि कुणीच मानत नाही.

“ताई, तुम्ही असलं मानता?”

“मी काही मानत नाही. बाबासाहेबांची लेक आहो मी. पण शेंदुरात पारा असते, ते तर सायन्स आहे नं?”

मी मशीन उघडलं. जुन्या मशीनच्या आत रुपयाएवढी एक बॅटरी असते. वायर काढली तरी मशीनला आपलं सगळं आठवावं म्हणून. ती मेली होती. मधुकरभाऊंची सगळी गाणी मेमरी कार्डवर होती, ती कार्डातून जशीच्या तशी परत आली होती. पण ग्लोबल सेटिंग कार्डवर नसतात. त्या त्या बॅटरीच्या आधारानं जगतात. बॅटरी गेली की मशीन विसरतं आणि फॅक्टरीतून निघताना जसं होतं तसं होऊन बसतं.

मी हे सांगितलं आणि विचारलं, “भाऊ, आधी ग्लोबलमध्ये काही केलेलं होतं का?”

“काही नाही.” ते पंख्याकडे बघत म्हणाले. “आम्ही त्यात कधी जातच नाही.”

“म्हणजे आता हे मशीन खरं आहे?” विमलताईंनी विचारलं.

“हो. फॅक्टरीतून आलं तसं आहे. खरं आहे.”

“मंग गळाच गेला,” त्या म्हणाल्या. मग उठल्या. “सुनंदाले मी जयंतीच्या आधी पार्टीतून काढते. आन ही जयंती माही आखरीची.”

बॅटरी जागेवर झाळून, म्हणजे सोल्डर करून, बसवावी लागणार होती, म्हणून मशीन माझ्याकडे राहिलं. ते गेल्यावर मी मशीन पुसायला घेतलं आणि हात थांबला. मशीनवरच्या बटनांवर नावं छापलेली असतात. सगळ्या बटनांवरची अक्षरं शाबूत होती. ग्लोबलच्या बटनावरची मात्र झिजून पांढरी पडली होती. जो माणूस त्यात कधी जातच नाही, त्याच्या मशीनवरचं ते अक्षर झिजतं कसं?

संध्याकाळपर्यंत माझ्या डोक्यात पूर्ण कथा तयार झाली. मधुकरभाऊ खोटं बोलले, हे नक्की. बायकोला लोक ओळखतात, यांना कुणी ओळखत नाही. कुठल्याही कार्यक्रमात हार तिला, यांना चहा. अशा माणसाच्या पोटात काय काय साठत असेल! मी तर सुनंदालाही त्यात ओढलं. घरी मिस्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, “तू कीबोर्ड दुरुस्त कर. सीआयडीची भरती बंद आहे.”

दुसऱ्या दिवशी मधुकरभाऊ एकटे आले. मी तयारच होते. मशीन त्यांच्यासमोर ठेवलं, त्या झिजलेल्या बटनावर बोट ठेवलं आणि विचारलं, “भाऊ, हे काय?”

त्यांनी आधी बाहेर बघितलं. मग म्हणाले, “ताई, तीन उणे करून द्या.”

“काय?”

“ट्रान्सपोज. उणे तीन. तेच होतं आधी.”

ट्रान्सपोज म्हणजे असं. बोट काळी पाचवरच ठेवायचं, पण मशीन आवाज खालच्या पट्टीचा काढतं. ग्लोबलमध्ये उणे तीन केलं की सगळी गाणी, सिक्वेन्सरमधला ढोलक सोडून सगळं, तीन पायऱ्या, म्हणजे पेटीची लागून असलेली तीन बटनं, खाली. स्क्रीनच्या कोपऱ्यात एक बारीक आकडा दिसतो. वाजवणाऱ्याखेरीज तिकडे कुणी बघत नाही. विमलताई तर फक्त बोट बघायच्या.

“कधीपासून?”

“पोट्टीच्या लग्नानंतर तिचा आवाज उतरून गेला. तिले समजलं नाही. मले समजलं. तिनं माइकवर काय म्हटलं होतं ते तुम्हाले माहीत आहे. तिले सांगितलं असतं तर त्याच दिवशी बंद केलं असतं. मी गुपचूप एक उणे केलं. मंग दोन. मंग तीन. तिथं थांबलं. हर कार्यक्रमाच्या आधी ते बटन दाबून पाहून घेतो, जागेवर आहे का नाही. ह्या वेळी घरचीच तालीम म्हणून पाहिलं नाही. आन गळा फाटला तसं तिनं मशीनले कोणाले हात लावू दिला नाही.”

“नामदेवला माहीत आहे?”

“बेंजोच्या तारा त्यालेच उतरवा लागते नं. त्याले माहीत, सुनंदाले माहीत, ढोलकवाल्याले माहीत. फक्त तिलेच माहीत नाही.”

“मग सुनंदानं सांगितलं का नाही? तिच्यावर नाव आलंय!”

मधुकरभाऊंनी चष्मा काढला. “काल घरी जाऊन हिनं सगळ्यांसमोर तिचा थर्मास नालीत रिकामा केला. मी वाट पाहून राहिलो होतो, सुनंदा आता बोलते, आता बोलते. एका शब्दानं सुटली असती. तर म्हणते कशी, ‘वयनी, आता चहा तुमच्याच घरून आणत जा.’ बस. थर्मास उचलला आन गेली.”

आदल्या दिवशी मी रचलेली ती कथा आठवली आणि मनातल्या मनात तिच्यातून सुनंदाचं नाव खोडलं. मी उणे तीन केलं, मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं, आकडा जागेवर राहिला. मधुकरभाऊंनी तो डोळे मिचकावून बघितला. घरी त्यांनी सांगितलं, बॅटरीमुळं मशीनचाच सूर बिघडला होता, प्रज्ञाताईनं ठीक करून दिला. विमलताई त्या संध्याकाळी गायल्या आणि वरची जागा त्यांना सापडली, असा त्यांचाच फोन आला. मी म्हटलं, चला, मिटलं.

मिटलं कुठलं! जयंतीला थोडेच दिवस उरले असताना, भर दुपारी विमलताई पुन्हा पायरीवर. मशीनचं एक टोक त्यांच्या हातात, दुसरं सुनंदाच्या हातात. दोघींना एकत्र बघून मी खुर्चीतून उठलेच.

“बस म्हण तरी,” विमलताई म्हणाल्या. “प्रज्ञा, तू मले म्हटलं होतं, मशीन आता फॅक्टरीतून आलं तसं आहे, खरं आहे. हव का नाही?”

“हो.”

“त्या खऱ्या मशीनवर मले गाता नाही आलं. मंग हे घरी घेऊन आले, तर गाता आलं. म्हणजे तू काही ठीक नाही केलं. जे खरं होतं ते परत खोटं केलं.”

मी सुनंदाकडे बघितलं. तिनं मान हलवली, मी काही सांगितलं नाही म्हणून.

“तिच्याकडे नको पाहू. हिच्या घरी गेली होती मी. म्हटलं, तुले माह्यावर राग काहून येत नाही? नालीत चहा टाकला मी तुझा. हिनं एक शब्द नाही काढला, नुसती रडत बसली. ज्याच्यावर खोटं नाव येते ते भांडते. ही रडून राहिली, म्हणजे हिले काही माहीत आहे जे मले माहीत नाही. मंग यांचं बोट पाहणं सोडलं आन मशीनच्या कोपऱ्यात पाहिलं. तीन. उणे तीन.”

“मग आता,” मी चाचरत विचारलं, “तुम्ही बंद करणार?”

“म्हटलं होतं तसं, नाही का?” त्या हसल्या, पण ते हसू काही खरं नव्हतं. “तेव्हा माही काळी पाच शाबूत होती. शाबूत असलेल्या माणसाले बोलायले काय लागते? त्या बिचाऱ्याले मी उतरवलं. रात्रभर त्याचाच चेहरा दिसला मले.” मग त्यांनी मशीनवरची चादर बाजूला केली. “बंद नाही करत. पण तीन बी पुरून नाही राहिले आता. वरच्या जागी जीव ओढून धरा लागते. एक अजून उतरव. पण कोपऱ्यात तीनच दिसलं पाहिजे.”

“ताई, चार केलं की चारच दिसेल. आणि का? मधुकरभाऊंना सांगून करा ना.”

“नाही!” त्या इतक्या जोरात म्हणाल्या की समोरच्या दुकानातला माणूस वळून बघायला लागला. “चार पाहिलं तर तो माणूस घाबरन. डॉक्टर करन, काढे करन, मंग म्हणन राहू दे आता. इतकी वर्षं माह्यासाठी खोटं वाजवून राहिला तो, मले कळू न देता. त्याले वाटते, तीनवर आपण हिले थांबवलं. थांबली आहे असंच वाटू दे त्याले.”

आता तुम्हाला टाकीतल्या आणखी एका तोटीबद्दल सांगायला हवं. ग्लोबलमध्येच मास्टर ट्यून म्हणून एक सेटिंग असते. एखाद्या पेटीचा किंवा सनईचा सूर मशीनपेक्षा किंचित वर-खाली असला तर जुळवून घ्यायला. ती केसाएवढी-केसाएवढी सरकते. पण शेवटपर्यंत ओढली तर एक पूर्ण पायरी खाली जाते. आणि तिचा आकडा बाहेर कुठंच दिसत नाही. आतल्या पानावर मुद्दाम जावं लागतं. ट्रान्सपोजवर डोळा ठेवणारा माणूस त्या पानावर जात नाही.

मी ती तोटी शेवटपर्यंत खाली ओढली. सुनंदानं वाकून कोपऱ्यात बघितलं. “तीनच दिसते वयनी.” विमलताईंनी डोळे मिटून, अगदी हलक्या आवाजात, एक ओळ धरली आणि वरच्या जागेला हात लावून खाली आल्या. चेहऱ्यावरची शीर ताणली नाही. मला रडू येत होतं, म्हणून मी उगाच झाळायचं मशीन तापवायला ठेवलं.

मग सुनंदानं पिशवीतून थर्मास काढला. विमलताईंनी तो तिच्या हातातून घेतला, झाकणात चहा ओतला आणि सगळ्यांच्या आधी स्वतः प्याल्या. “साखर कमी आहे,” म्हणाल्या. सुनंदा म्हणाली, “शेंदूर संपला होता वयनी.” त्यावर तिघी इतक्या हसलो की मघाचा तो शेजारी पुन्हा डोकावून गेला.

जयंतीचा कार्यक्रम एका विहाराच्या मैदानात होता. मी मुद्दाम पुढे बसले. निवेदक म्हणाला, “आपल्या काळी पाचच्या विमलताई!” मधुकरभाऊंनी कोपऱ्यातला आकडा तपासला, समाधानानं मान हलवली आणि बोट काळी पाचवर ठेवलं. नामदेव बेंजो जुळवत होता. त्यानं नेहमीएवढी तार उतरवली, सूर जुळेना. आणखी थोडी उतरवली. तार झणझण करायला लागली. त्यानं मशीनकडे बघितलं, सुनंदाकडे बघितलं, आणि शेवटी माझ्याकडे. मी मांडवाच्या कापडाकडे बघत राहिले. विमलताई गायल्या. वरच्या जागेला बाया उभ्या राहिल्या. खालच्या पट्टीत त्यांचा आवाज भरदार झाला होता, आणि मला तर तो पहिल्यापेक्षा गोड वाटला. पण मी त्यांना हे सांगितलेलं नाही, कारण पहिल्यापेक्षा म्हटलं की पहिलं आठवतं.

त्यानंतर बराच काळ गेला. मध्ये एकदा मशीनच्या दोन-तीन पट्ट्या चिकटायला लागल्या म्हणून मधुकरभाऊ ते घेऊन आले. एकटेच. मी म्हटलं, “आतलं सगळं काढावं लागेल, बॅटरीही निघेल. सेटिंग जातील.”

“जाऊ द्या. मंग परत उणे तीन करून द्या.”

“करते.”

ते पायरी उतरले, थांबले, आणि पुन्हा वर चढले. “आन ते दुसरं. आतल्या पानावरचं. ते बी जसं होतं तसंच करा.”

मी हातातला पेचकस खाली ठेवला. “कोणतं दुसरं?”

“ताई, नामदेवची तार खोटं नाही बोलत. जयंतीच्याच दिवशी समजलं मले. कोपऱ्यात तीन, आन तार चारची.” ते हळूच हसले. “मी काही बोललो नाही. तिले वाटते मले माहीत नाही, म्हणून ती बिनघोर गाऊन राहिली. मले माहीत आहे असं तिले समजलं, तर ती माह्या तोंडाकडे पाहत गाईन. मंग गळा आवळते.”

मी दोन्ही सेटिंग जशा होत्या तशा करून दिल्या. आज त्या पार्टीत सगळ्यांना पट्टी उतरल्याचं माहीत आहे आणि कुणीच कुणाला सांगत नाही. साऱ्या आयुष्यात मी लोकांच्या पाठीमागं चाललेल्या गोष्टींवर संशय घेत आले. ही एवढी एकच मला सापडली, जिथं पाठीमागं जे चाललं होतं ते सगळं माणसाच्या भल्याचं होतं.

या अंकासाठी हे लिहायचं ठरलं तेव्हा मी नावं बदलणार होतेच, तरी विचारून घेतलेलं बरं म्हणून आधी विमलताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, “लिही. यांचे डोळे कमजोर झाले, अंक मीच वाचून दाखवीन त्याहिले. माही एक उतरवलेली जिथं येते, तेवढं पान सोडून देईन.”

मग वेगळं गाठून मधुकरभाऊंना विचारलं. ते थोडा विचार करून म्हणाले, “लिहा ताई. मले माहीत आहे हे बी तिले त्यात समजन, पण आता चारवर तिचा गळा पक्का झाला, आवळणार नाही. ती एक पान सोडून वाचेल. मी नाही विचारणार, की गोष्ट मधातच एवढी लवकर पुढं कशी गेली.”